चिंधीतली गोळी की निमुळती गोळी? एल्कच्या हंगामाआधी ठासणीची बंदूक जुळवताना

कोलोरॅडोत सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ठासणीच्या बंदुकांचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. एप्रिलच्या अर्जांवर सोडतीत ज्यांना एल्कचं (तिथल्या थोराड हरणाचं) लायसन्स लागतं, त्यांतले पहिल्यांदाच जाणारे मराठी मित्र जुलैच्या सुमारास मला हमखास एक गोष्ट विचारतात. जुन्या घाटाची हॉकन रायफल घेऊन चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी ठासायची, की नव्या इनलाइन बंदुकीत (जिच्यात ठिणगी नळीच्या थेट मागून, सरळ रेषेत पडते) निमुळती शिशाची? मी दोन्ही वापरल्या आहेत, दोन्हींवर माझा जीव आहे. तरी उत्तर सगळ्यांना सारखं देत नाही.

आधी कायद्याने काय उरतं ते बघा. या हंगामात कोलोरॅडोत दुर्बीण चालत नाही, फक्त उघडी साइट, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच. प्लास्टिकच्या वेष्टनातली साबो गोळी चालत नाही, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटीच दारू मापून ओतायची. एल्कसाठी नळी किमान .50 ची, म्हणजे आतून अर्धा इंच व्यासाची हवी, आणि निमुळत्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे .50 ला एक इंच. गोळ्यांचा डबा विकत घेण्याआधी कॅलिपर लावून मोजा. दुसऱ्या राज्यात चालणारी गोळी इथे चालेलच असं नाही.

आता खरा मुद्दा, नळीचा पीळ. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका आतून बहुधा गुळगुळीत असत. इथल्या रायफलीत आटे असतात आणि ते किती इंचांत एक फेरा घेतात यावर सगळं ठरतं. गोल गोळीला मंद पीळ मानवतो: 60 किंवा 66 इंचांत एक फेरा. लांबट गोळीला हवेत सरळ राहायला जोरात फिरावं लागतं, म्हणून हल्लीच्या इनलाइन नळ्यांत 28 इंचांत एक फेरा असतो. मधला 48 चा पीळ थॉम्पसन सेंटर कंपनीच्या जुन्या हॉकनमध्ये सापडतो. तो दोन्ही गोळ्या बऱ्यापैकी फेकतो, पण कुठली जास्त आवडते हे प्रत्येक नळीचं वेगळं. थोडक्यात, बंदूक घरात आलेली असेल तर निम्मा निर्णय झालेलाच आहे. 66 च्या पिळातून 385 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं इंग्रजी माप) निमुळती गोळी नीट जाईल म्हणून महिनाभर दारू बदलत बसू नका. मी बसलो होतो. तो अख्खा जुलै वाया गेला.

गोल गोळीचं वजन आपल्या मापात सांगतो. 1833 साली इंग्रजांनी तोळा 180 ग्रेनचा ठरवला, आणि .490 व्यासाची शिशाची गोळी भरते 177 ग्रेन, म्हणजे जवळपास तोळाभर. नर एल्क सांबराहूनही थोराड, सातशे पौंडांच्या घरातला. त्याच्यासाठी तोळाभर शिसं कमी नाही, पण ते जवळून लागायला हवं. गोल आकार हवेत फार लवकर थकतो. तोंडाशी सेकंदाला 1900 फुटांनी निघालेली गोळी 100 यार्डांवर पोचेपर्यंत साधारण 1100 वर येते. म्हणून .50 च्या गोल गोळीने एल्कवर 60 यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही, ही माझी मर्यादा. .54 ची नळी असेल तर गोळी 224 ग्रेनची होते, मग मी 75 पर्यंत जातो.

हे ऐकून गोल गोळी सोडून द्यावीशी वाटेल. थांबा. हा हंगाम माजाच्या काळात येतो. नर शीळ घालतात, हाकेला उत्तर देतात, दाट झाडीत चाळीस यार्डांवर येऊन उभे राहतात. तिथे गोल गोळी पुरते. शिवाय ती जुळवायला सोपी आहे, कारण तिची चिंधी बोलते. बार झाल्यावर नळीपुढे पंधरा-वीस यार्डांवर पडलेली चिंधी उचलून बघा. कडा झिरमिळलेल्या पण मधला भाग शाबूत असेल तर सगळं जुळलं. मध्ये जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा तिला चरबी कमी लागली आहे. आट्यांच्या रेषेत कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाशी आटे अजून धारदार आहेत. गादीच्या खोळीचं, घट्ट विणीचं सुती कापड .015 ते .018 इंच जाडीचं घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

निमुळत्या गोळीला चिंधी नसते, त्यामुळे ती काही सांगतही नाही. कागदावरची भोकंच वाचायची. 385 ग्रेन म्हणजे दोन तोळ्यांहून जास्त शिसं. ते सावकाश निघतं, पण वेग टिकवतं आणि खोल जातं. उघड्या साइटने 100 यार्डांपर्यंत मी तिच्यावर विसंबतो. माझ्या बंदुकीत 50 वर बरोबर लावलेली गोळी 100 वर साधारण पाच इंच खाली बसते. एवढा फरक पाठ करून ठेवता येतो. खांद्याला दणका मात्र चांगलाच बसतो. चौथ्या-पाचव्या बारानंतर चाप ओढण्याआधीच अंग आखडायला लागतं. तसं झालं की त्या दिवशी थांबा.

तिचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे आणि नवख्यांना तो कुणी सांगत नाही. चिंधीतली गोळी नळीत घट्ट बसते. निमुळती गोळी स्वच्छ नळीतून, बंदूक दिवसभर तोंड खाली करून वागवली तर, पुढे घसरू शकते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नळी फुटण्याचा धोका असतो. गोळी दारूवर पक्की बसलेली असताना ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा. रानात दर तासाला गज आत घालून ती खूण तपासा. चढणीनंतर, ओंडका ओलांडल्यावर तर नक्कीच.

दारूचं लवकर सांगतो. धूरविरहित दारू कधीही, चिमूटभरसुद्धा, या बंदुकीत घालायची नाही. त्याने माणसं जायबंदी होतात. काळी दारू लवकर पेट घेते; चकमकीच्या बंदुकीला तीच हवी, कारण कानातली रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) आणि आतली दारू दोन्ही झटकन पेटायला लागतात. केपच्या (आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीच्या) किंवा इनलाइनमधल्या 209 प्रायमरच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी वापरायची ट्रिपल सेव्हन ही दारू चालते, पण ती जास्त जोरकस असल्याने आकारमानाने 15 टक्के कमी घ्यायची असं बनवणारेच सांगतात. वजनकाट्यावर नको, मापट्यानेच मोजा. 70 ग्रेनपासून सुरुवात, पाच-पाचने वर, आणि बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल हद्द ओलांडायची नाही. प्रत्येक मापाचे तीन बार, दोन बारांच्या मध्ये नळीतून ओलं आणि मग कोरडं फडकं. बहुतेक नळ्यांना सगळ्यात जोरकस माप आवडत नाही. माझी .54 ची 90 ला थोडकी पसरते आणि 80 ला तिन्ही गोळ्या एका लिंबाएवढ्या जागेत घालते.

साइट लावताना एक ध्यानात ठेवा. हॉकनची पुढची माशी कानशीने घासली की गोळी वर जाते. धातू परत चिकटवता येत नाही, म्हणून माप आणि गोळी पक्की ठरेपर्यंत कानस पेटीतच राहू द्या. इनलाइनवर स्क्रूची साइट असते, तिथे हा धाक नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एल्कवर पडणारा बार पहिला असतो, थंड नळीतला. रेंजवर दहाव्या बाराला जमलेला गट दिसायला सुंदर दिसतो, पण त्याने डोंगरात काही कळत नाही. ऑगस्टमध्ये सहा वेगवेगळ्या दिवशी जा. दर वेळी नळी हंगामात असेल तशी पुसून, तेल काढून, निपलवर (केप बसवायच्या बोंडावर) दोन केपा नुसत्या उडवून ओल घालवा, मग ठासून एकच बार टाका. तेल राहिलं तर दारू भिजते आणि घोडा पडूनही बार होत नाही. तसं झालं तर मिनिटभर नळी निशाणाकडेच धरून ठेवा. सहा दिवसांच्या सहा भोकांचा कागद जपून ठेवा. ती सहा इंची बशीत मावतील ते अंतर तुमचं. त्यापलीकडे जनावर कितीही मोठं दिसलं तरी घोडा चढवू नका. जखमी एल्क मैलोन् मैल जातो, रात्रभर शोधूनही सापडत नाही, आणि ती रात्र शिकाऱ्याला विसरता येत नाही.

मग घ्यायची कुठली? पहिलाच एल्क असेल, दिवस मोजके असतील, सरावाला आठवड्यात एकच संध्याकाळ मिळत असेल, तर 28 च्या पिळाची इनलाइन आणि जड निमुळती गोळी. चूक पोटात घालण्याची जागा तिच्यात जास्त आहे. हाकेची कला येत असेल, दाट झाडीत बसायची चिकाटी असेल, आणि पन्नास यार्डांवरसुद्धा नर समोरून तोंड करून उभा असेल तर बार न टाकता परतण्याची तयारी असेल, तर .54 ची हॉकन. .50 ची गोल गोळी मी एल्कसाठी नवख्याला सुचवत नाही. ती हरणासाठी ठेवा. 48 चा पीळ असलेली जुनी हॉकन कुणाकडून मिळाली असेल तर दोन्ही गोळ्यांची एकेक पेटी घ्या आणि जुलैतच नळीला विचारा.