चष्म्याच्या काचेवरचे चरे घालवणारी बाटली आणि माझे ५,५९८ रुपये

चष्म्याच्या काचेवर पडलेला चरा घरच्या घरी कायमचा नाहीसा होतो असे सांगून कोणी बाटली, मलम किंवा 'किट' विकत असेल, तर तो माणूस खोटे बोलत आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. या बाटलीपायी माझे ६४९ रुपये गेले, पैसे परत मिळतील या आमिषाने आणखी १४९ रुपये उकळले गेले आणि ज्या काचांवर फक्त दोन बारीक चरे होते, त्या बदलून घेण्यासाठी ४,८०० रुपये मोजावे लागले.

अशा जाहिराती कशा असतात हे सर्वांनाच ठाऊक आहे, त्यामुळे पांढरा कोट घातलेला माणूस आणि 'सवलत आजच संपणार' वगैरे मी सांगत बसत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. चित्रफितीत चरा खरोखरच नाहीसा होताना दिसतो, कारण तेलकट द्रव काचेवर चोळला की तो चऱ्याच्या खाचेत भरतो, तेथे प्रकाश विखुरत नाही आणि चरा तेवढ्यापुरता लपतो; साबणाने काच धुतली की तो जागच्या जागी पुन्हा दिसू लागतो. हे पाहणाऱ्याने ओळखावे तरी कसे? चष्मा उतरवला की हातातली वस्तू मला अंधुक दिसते, आणि हे विकणाऱ्यालाही पक्के माहीत असते.

खोक्यात दोन बाटल्या आणि स्पंजचा एक तुकडा होता. पहिल्या बाटलीतला द्रव गोलाकार घासायचा, धुवायचा आणि मग दुसऱ्या बाटलीतला 'संरक्षक थर' लावायचा, असे चिठ्ठीवर छापले होते. उजवी काच घासून, धुऊन मी ती ट्यूबलाइटखाली धरली. एरवी त्या काचेत दिव्याचे प्रतिबिंब फिकट हिरवे दिसत असे; आता मधोमध ते झगझगीत पांढरे दिसत होते आणि कडेने हिरवा रंग तसाच राहिला होता. मधली सीमा वेडीवाकडी होती, भिंतीच्या रंगाचा पोपडा सुटावा तशी. हात तिथेच थांबायला हवा होता, हे आज कितीही कळत असले तरी त्या क्षणी माझ्यासमोर चिठ्ठी होती आणि तिच्यावर स्पष्ट लिहिले होते, 'सुरुवातीला डाग दिसल्यास घाबरू नका, दुसऱ्या थराने ते एकसारखे होतील.' काच बिघडणार हे यांना आधीपासून माहीत होते, म्हणूनच ते वाक्य तेथे छापलेले होते! त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी डावी काचही घासली. सूचना वाचून तिच्याप्रमाणे वागणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणता येत नाही, असे मला अजूनही वाटते.

ती हिरवी झाक म्हणजे काचेवरचे प्रतिबिंबरोधक कोटिंग. ते अनेक अतिपातळ थरांचे असते आणि सगळे थर मिळूनही त्याची जाडी एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, कमी भरते. कोटिंग नसलेल्या साध्या प्लास्टिकच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो रोखण्यासाठीच आपण जास्तीचे पैसे भरलेले असतो. खरवडणारी कोणतीही वस्तू आधी हा थर खाते, चरा मात्र खालीच राहतो. म्हणून टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, राख, यांतले काहीही काचेला लावू नका, मग सांगणारा घरातला वडीलधारा का असेना. गेलेले कोटिंग घरी परत चढवता येत नाही. चष्म्याच्या दुकानदाराने काचा पाहताच बदलण्यावाचून इलाज नाही असे सांगितले, आणि तोपर्यंत रात्री समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती मला धुरकट वलय दिसत होते.

तक्रारीसाठी फोन केला तेव्हा विक्रेत्याचा माणूस अतिशय गोड बोलला. 'ताई, परत नेण्याचे १४९ रुपये भरा, ६४९ आणि हे, दोन्ही मिळून येतील.' भरले. त्यानंतर फोन उचलला गेला नाही. पैसे परत मिळवण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

यापुढचा अनुभव मला बाटलीपेक्षा अधिक संतापजनक वाटतो. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. पोलिसांकडे गेल्यावर उत्तर मिळाले की वस्तू हातात पडली आहे, तेव्हा ही फसवणूक नसून ग्राहकाची तक्रार आहे. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर पैसे उकळले असे सांगितले, तर ते म्हणाले की मग पोलिसांत जा. शेवटी तक्रार नोंदवून घेतली, आणि काही काळाने ती बंद झाल्याचा संदेश आला. कारण काय, तर विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही. ज्याने फसवले त्याने उत्तर दिले नाही म्हणून फसलेल्याची तक्रार बंद करायची, ही कोणती रीत झाली? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. माझ्या विक्रेत्याच्या पानावर अशा अधिकाऱ्याचे नावच नव्हते, हे मी तक्रारीत लिहिले होते, पण ते कोणी वाचल्याचे दिसले नाही. बाटलीवर उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, आत काय आहे तेही नाही. अशी बाटली घरी आली तर ती उघडू नका.

काच स्वच्छ करायला खरे तर एक रुपयाही लागत नाही. कोमट वाहत्या पाण्याखाली आधी धूळ जाऊ द्यावी, भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचा एक थेंब बोटांच्या टोकांवर घेऊन दोन्ही बाजू, फ्रेमची खाच आणि नाकावरचे पॅड चोळावेत, पुन्हा धुऊन स्वच्छ मायक्रोफायबरने टिपावे. ते कापडही धुवावे लागते, पण कपडे मऊ करणारा द्रव न घालता, कारण त्याचा थर काचेवर उतरतो. कोरडी काच ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसणे बंद करा. चरे बहुधा तेथूनच येतात. कढत पाणी नको. नेलपॉलिश काढायचे द्रव तर अजिबात नको, कारण त्यातल्या अ‍ॅसिटोनने पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची काच आणि काही प्लास्टिक फ्रेम दोन्ही खराब होतात.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे तक्रारीचे शुल्क नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. बाटल्या, खोके आणि पैसे भरल्याचे संदेश जपून ठेवा. खोक्यावरची कुरिअरची चिठ्ठी फाडू नका, कारण माल न पोचल्यास परत पाठवण्याचा पत्ता तिच्यावर असतो. विक्रेत्याचा मला सापडलेला एकमेव पत्ता तोच आहे आणि माझ्या तक्रारअर्जात मी तोच घातला आहे.