होडीच्या तळाला कोणता रंग: तांब्याचा, सिलिकॉनचा की बिनविषारी?

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या बंदरात होड्यांचे तळ खरवडायला घेतात. पत्रीखाली लाल भुकटी उडते आणि खलाशाच्या नाकावर असतो फक्त पंचा. ते बघवत नाही.

रंग घेताना आपण विचारतो, शेवाळ किती महिने धरणार नाही? त्याआधी दुकानदाराकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रंगाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा. तिच्या १६ भागांपैकी दुसऱ्यात धोके, आठव्यात माणसाने घ्यायची काळजी आणि बाराव्यात पाण्यातल्या जिवांवरचा परिणाम असतो. डब्यावर मेलेला मासा आणि वठलेलं झाड असं चित्र असेल, तर बारावा भाग वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तांब्याचा रंग, म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, हळूहळू पाण्यात सुटतो आणि तळाला चिकटायला आलेले जीव मारतो. पण होडीवर बसणारं कालव आणि खडकावरचं कालव त्याला सारखंच. शिवाय तांबं कुजून नाहीसं होत नाही. ते खाडीच्या गाळात बसतं, कालवांच्या अंगात साठतं. याआधीचा टीबीटी हा कथलाचा रंग याहून कितीतरी वाईट होता. त्याने फ्रान्सच्या आर्काशों खाडीतली कालवं बिघडवली, तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. त्यावर बंदी घालणारा जागतिक करार लागू व्हायला २००८ उजाडलं.

सिलिकॉनमध्ये सहसा विष नसतं, नुसता निसरडेपणा. पण बोट वेगात धावली तरच चिकटलेलं गळून पडतं. डॉल्फिन दाखवायला रोज पळणाऱ्या बोटीला ते चालेल. खाडीत नांगरून पडलेल्या, वाळूवर ओढायच्या होडीला नको. महागही आहे, ओरखडेही पडतात.

लहान होडी असेल तर मी बिनविषारी इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा राळेचा रंग, आणि ब्रश घ्या म्हणेन. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला होडी वाळूवर कलते, तेव्हाच तळ घासून घ्यायचा. मेहनत आहे, हे खरं. इपॉक्सी ओला असताना कातडीला ॲलर्जी होऊ शकते, हातमोजे हवेतच.

महिनोन् महिने पाण्यात राहणाऱ्या मोठ्या नौकेला तांब्याचाच रंग लावणार असाल, तर जुना थर कोरडा घासू नका. त्यात शिसंही असू शकतं. आपल्याकडची शिशाची २०१७ पासूनची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, बोटीच्या नाही. तळ ओला करा, खाली ताडपत्री अंथरा, खलाशाला चांगला मास्क द्या. खरवड गोळा करून घातक कचऱ्यात द्या. आणि जिथे बायका ओहोटीला कोयती घेऊन कालवं काढतात, त्या खडकांजवळ हे काम करूच नका.