फंकची सुरुवात: ‘सुपरस्टिशन’ की ‘गुड टाइम्स’?

चार-पाच जणांचा बँड आहे, हिंदी-मराठी गाणी बऱ्यापैकी बसली आहेत आणि आता एक तरी फंक (तालावर भर देणारं, नाचायला लावणारं अमेरिकी संगीत) गाणं बसवायचं आहे. अशा वेळी गाडी हमखास दोन नावांवर येऊन अडते: स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’ आणि शीक या बँडचं ‘गुड टाइम्स’. दोन्ही गाणी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाली, दोन्ही अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि दोन्हींचा जीव एका छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रिफमध्ये आहे. माझं मत आधीच सांगतो: ऐकायला ‘सुपरस्टिशन’ आधी घ्या, वाजवायला ‘गुड टाइम्स’. तुमच्याकडे बेस गिटार वाजवणारं कोणी नसेल तर मात्र हा सल्ला उलटा होतो.

‘सुपरस्टिशन’ ऑक्टोबर १९७२ मध्ये आलं, ‘टॉकिंग बुक’ या अल्बममधून. स्टीव्ही तेव्हा बावीस वर्षांचा होता. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत तो लहानपणापासून गात होता. एकविसावं वर्ष सरल्यावर त्यानं करार नव्यानं करून घेतला आणि स्वतःचं संगीत स्वतःच्या मनासारखं करायचा हक्क मिळवला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं उभारलेल्या ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओत तो रात्ररात्र काम करायचा. सोबतीला रॉबर्ट मार्गूलेफ आणि माल्कम सेसिल हे दोघे ध्वनिमुद्रक-निर्माते आणि त्यांचा ‘टोन्टो’ नावाचा भिंतीएवढा सिंथेसायझर.

गाण्याच्या जन्माची गोष्ट गिटारवादक जेफ बेक सांगायचा. तो स्टीव्हीच्या अल्बमसाठी गिटार वाजवायला आला होता आणि बदल्यात स्टीव्हीनं त्याला एक गाणं द्यायचं ठरलं होतं. मधल्या मोकळ्या वेळात बेक सहज ड्रम्सवर बसून एक ठेका धरून होता. स्टीव्ही आत आला, ‘थांबू नकोस’ म्हणाला आणि त्या ठेक्यावर रिफ रचत गेला. गाणं बेकसाठीच होतं, पण मोटाऊननं त्यातला हिट ओळखला आणि स्टीव्हीचं रेकॉर्डिंग आधी बाजारात आणलं. जानेवारी १९७३ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६३ नंतर स्टीव्हीला हे स्थान पहिल्यांदाच मिळत होतं. बेकचं रूप १९७३ मध्ये त्याच्या त्रिकुटाच्या अल्बममधून आलं. ते जड रॉकच्या अंगानं जातं. तुमचा बँड मुळात रॉकवाला असेल तर जरूर ऐका, पण फंक शिकायला त्याचा उपयोग कमी.

हे गाणं शिकणाऱ्याला दिसतं त्याहून अवघड का आहे, ते नीट समजून घ्यायला हवं. रेकॉर्डवरचे ड्रम्स स्टीव्हीनं स्वतः वाजवलेत, क्लॅव्हिनेट (तारा असलेलं इलेक्ट्रिक कीबोर्डवाद्य) त्याचं, मूग सिंथेसायझरवरचा बेसही त्याचाच आणि गळा तर त्याचाच. बाहेरचे फक्त दोघे: ट्रम्पेटवर स्टीव्ह मडायो आणि सॅक्सोफोनवर ट्रेव्हर लॉरेन्स. म्हणजे ताल, स्वर आणि त्यांच्यातली ओढाताण एकाच माणसाच्या अंगातून आलेली आहे. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर सरळ पडतो, पण वरचा हाय-हॅट (झांजांची जोडी) सतत कुठेतरी हलतो, किंचित झुलतो. तो झोल मेट्रोनोमवर (लय मोजून देणाऱ्या यंत्रावर) सापडत नाही. त्यात क्लॅव्हिनेटचे भाग एकावर एक चढवलेले, एक थर मात्रेवर तर दुसरा दोन मात्रांच्या फटीत. आपण ऐकतो तो ‘एक’ रिफ खरं तर या सगळ्या थरांची बेरीज आहे. एकट्या कीबोर्डवर तो हुबेहूब उतरवायचा प्रयत्न करणारे बहुतेक जण सगळ्या जागा भरून टाकतात आणि गाणं जागच्या जागी धावायला लागतं.

क्लॅव्हिनेट हे जर्मनीच्या होनर कंपनीचं वाद्य. पट्टी दाबली की आतली तार ठोकली जाते आणि इलेक्ट्रिक गिटारसारख्या पिकअपमधून आवाज बाहेर पडतो. म्हणून ते पियानोपेक्षा गिटारच्या जवळचं वाटतं. आजच्या बहुतेक कीबोर्डांत त्याचा टोन मिळतो. आणि इथे पेटीवर हात बसलेल्या मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. गाण्याचा षड्ज काळी दोन. मुख्य रिफ सा, कोमल ग, म, प, कोमल नी या स्वरांभोवती फिरतो. धानी रागाचे हेच स्वर, आणि काळी दोनमध्ये हे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच पडतात. बोटं काळ्यांवर ठेवलीत की अर्धं काम झालं. पुढे ध्रुवपदाच्या तोंडाशी कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वरानं सरकतात, तिथे मात्र पांढऱ्याही लागतात आणि तिथेच नवखा बँड सुटतो. गिटारवाल्यांना ही पट्टी गैरसोयीची. बरेच जण सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून घेतात.

गायकाचाही विचार करा. हे गाणं वरच्या पट्टीत, जोर लावून म्हणायचं आहे. न समजलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्याच्या वाट्याला दुःख येतं, हे त्यात सरळ बजावलं आहे. बुजऱ्या आवाजात ते पोचत नाही.

आता शीकचं ‘गुड टाइम्स’. साल १९७९. नाइल रॉजर्सची गिटार, बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस, टोनी थॉम्पसनचे ड्रम्स. स्टुडिओ ‘पॉवर स्टेशन’. अमेरिकेत तेव्हा महागाई आणि पेट्रोलटंचाई होती, म्हणून गाण्याच्या बोलांत १९२९ पासूनच्या महामंदीच्या काळातल्या आनंदगाण्यांचे धागे मुद्दाम गुंफले. १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्को या नाचाच्या संगीताच्या विरोधात त्याच्या रेकॉर्ड्स स्फोटानं उडवल्या गेल्या; पुढच्याच महिन्यात हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं.

याला डिस्को म्हणायचं की फंक, यावर वाद घालणारे भेटतील. बेस ऐका, वाद मिटेल. पहिल्या तीन मात्रांवर एकाच स्वराचे तीन ठोस ठोके, चौथीवर शांतता, मग दुसऱ्या कॉर्डकडे जाणारी चढती वाट. कॉर्ड दोनच. कोमल ग, कोमल नी आणि शुद्ध ध, म्हणजे कान काफी राग ओळखणारा असेल तर घरचंच वाटेल. फंकचा आद्य गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सतत पहिल्या मात्रेवर आणायचा. समेची ही शिस्त इथे इतकी उघडी आहे की बँडमधला कोण घाई करतो आणि कोण रेंगाळतो, ते दोन मिनिटांत कळतं. गिटारमध्ये उजवा हात सोळांशात (एका मात्रेत चार आघात) अखंड चालतो आणि डावा हात ठरवतो की स्वर ऐकू द्यायचा की नुसता ‘चक’. ही शैली आपल्याला बर्नार्डनं शिकवली, असं नाइल सांगतो.

प्रभावाच्या बाबतीत ‘गुड टाइम्स’चं पारडं माझ्या मते जड आहे. त्याच वर्षी शुगरहिल गँगनं याच रिफवर ‘रॅपर्स डिलाइट’ केलं. अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत शिरलेलं ते पहिलं रॅप गाणं. नाइल आणि बर्नार्ड यांनी कायद्याची भाषा केल्यावर श्रेयात त्यांची नावं आली. १९८० मध्ये क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आलं; त्याचा बेस ऐकला की मूळ लपत नाही, आणि क्वीनचा बेसवादक जॉन डीकन शीकच्या लोकांसोबत स्टुडिओत बसलेला होता. १९८१ मध्ये डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशनं टर्नटेबलवर जोडलेल्या रेकॉर्डमध्येही हाच रिफ आहे. ‘सुपरस्टिशन’चा वारसा वेगळ्या जातीचा. क्लॅव्हिनेट म्हणजे फंक हे समीकरण त्यानं पक्कं केलं आणि एकट्यानं जवळजवळ सगळी वाद्यं वाजवून नाचतं गाणं उभं करता येतं हे दाखवलं. पण त्याचा रिफ उचलून नवं घर बांधणं कठीण, कारण तो स्टीव्हीपासून सुटा होत नाही.

तेव्हा बेस, गिटार आणि ड्रम्स अशी तीन माणसं असतील तर ‘गुड टाइम्स’ घ्या. गायक कच्चे असले तरी चालेल, ते समूहानंच म्हणायचं असतं. कीबोर्डवाला दमदार आणि गायक खणखणीत असेल, बेसवाला मात्र नसेल, तर ‘सुपरस्टिशन’. डाव्या हातानं बेस वाजवता येतो. मुळातही तो कीबोर्डवरचाच आहे.

लय ‘सुपरस्टिशन’ची मिनिटाला साधारण १०० मात्रा, ‘गुड टाइम्स’ची ११०. सुरुवात दोन्हींत ८० वर करा. आणि ‘गुड टाइम्स’ची छोटी, पावणेचार मिनिटांची आवृत्ती नको, अल्बमवरची आठ मिनिटांची लावा. तिच्यात मध्येच वाद्यं गळून जातात, बेस आणि ताल उरतात, मग बाकीचे एकेक करून परत येतात. पहिले काही दिवस बेसवाल्यानं आणि ड्रमरनं तेवढाच तुकडा घोटावा, गिटारवाल्याला नंतर बोलवा.