प्रॉक्समॉक्स व्हीई : हिंगण्याच्या कारखान्यातील दहा महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याची सर्व्हर व्यवस्था मी सांभाळतो. तीन सर्व्हर आणि त्यांवर चालणाऱ्या एकवीस व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने तयार केलेले संगणक) एवढाच आमचा पसारा आहे. मात्र ईआरपी (कारखान्याचा साठा आणि व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर), हजेरी आणि डिझाइन विभागाच्या फायली सगळ्या त्यावरच असल्यामुळे तो अडला की रात्रपाळीतला माल गेटबाहेर पडत नाही. ही मशीन आधी व्हीएमवेअर कंपनीच्या प्रणालीवर चालत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली आणि आमच्या सपोर्टची मुदत संपत आली तेव्हा पर्याय शोधणे भाग पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही प्रॉक्समॉक्स व्हीई या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या ८.३ आवृत्तीवर आलो आणि ऑक्टोबरपासून ९ वर आहोत.

स्थलांतराचे काम ८.२ पासून मिळालेल्या इम्पोर्ट विझार्डने केले. ईएसएक्सआय होस्टचा (व्हीएमवेअरची प्रणाली चालवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता आणि पासवर्ड दिला की त्यावरची मशीन थेट वेब इंटरफेसमध्ये दिसू लागतात. व्हीसेंटरऐवजी (व्हीएमवेअरच्या मध्यवर्ती नियंत्रण सॉफ्टवेअरऐवजी) थेट होस्टशीच जोडणी करावी, कारण व्हीसेंटरमार्फत वेग फार घटतो. आणि डिस्क व्हीसॅनवर (व्हीएमवेअरच्या सामायिक साठवणीवर) असतील तर हा विझार्ड उपयोगाचा नाही. विंडोज मशीनच्या बाबतीत एक चूक माझ्याकडून झाली. नवे नेटवर्क कार्ड आले की जुना स्थिर आयपी पत्ता जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डापाशीच राहतो, हे लक्षात न घेता मी हजेरीचा सर्व्हर हलवला आणि सकाळच्या पाळीला गेटवरची यंत्रे त्याच्याशी बोलेनात. पुढच्या प्रत्येक मशीनच्या वेळी आयपीचा तपशील आधी वहीत उतरवला, मशीनमधले व्हीएमवेअर टूल्स हे सहायक सॉफ्टवेअर आधी काढले, नव्या प्रणालीवरची डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखणारे व्हर्टआयओ ड्रायव्हर आधी बसवले आणि मगच डिस्क हलवली. इम्पोर्ट चालू असतानाच मशीन सुरू करण्याची सोयही आहे, परंतु मध्येच ते फसले तर तोवर लिहिली गेलेली माहिती जाते. त्यामुळे ईआरपीसाठी मी ती वापरली नाही.

ज्या सुधारणेने आमच्या कामात सर्वांत मोठा फरक पडला ती बॅकअपमधील फ्लीसिंगची आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत रात्री दोनच्या सुमारास स्टोअरमधून फोन येई की मालाचे चलान निघत नाही, स्क्रीन अडकली आहे. त्याच वेळी ईआरपीचा बॅकअप चालू असे. बॅकअपदरम्यान मशीनला एखाद्या ब्लॉकवर नवे काही लिहायचे असेल आणि त्या ब्लॉकचा बॅकअप अजून व्हायचा असेल, तर त्यातला जुना मजकूर आधी बॅकअपच्या ठिकाणी पोचवावा लागतो आणि तोपर्यंत मशीनचे लिखाण खोळंबते. आमचा बॅकअप सर्व्हर जुन्या यंत्रावर, फिरत्या डिस्कवर असल्यामुळे हे खोळंबणे थेट स्टोअरच्या खिडकीपर्यंत पोचत होते. फ्लीसिंग चालू केले की तो जुना मजकूर होस्टवरच्याच जलद डिस्कवर तात्पुरता ठेवला जातो, मशीन लगेच मोकळी होते आणि तो मजकूर पुढे सवडीने बॅकअपकडे जातो. बॅकअप जॉबच्या प्रगत पर्यायांत एक खूण करून एनव्हीएमई स्टोरेज निवडले, आणि त्या रात्रीपासून दोनचे फोन थांबले. ही सोय आपोआप चालू नसते, हे मुद्दाम सांगतो. शिवाय ही तात्पुरती जागा वाईटात वाईट स्थितीत मूळ डिस्कएवढी वाढू शकते, त्यामुळे लागेल तसतशी जागा घेणारे आणि नंतर ती परत मोकळी करणारे स्टोरेजच निवडावे.

नवतपात एका दुपारी सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. कूलरची दमट हवा तेथे चालत नाही. आमच्या डिस्क सामायिक सॅनवर (सर्व सर्व्हरना जोडलेल्या साठवणीवर) असल्याने लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू मशीन न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर नेताना, फक्त मेमरी हलवावी लागते. एका नोडवरच्या (गटातल्या एका सर्व्हरवरच्या) सातही मशीन चालू स्थितीतच उरलेल्या दोन नोडांवर नेल्या आणि तो नोड बंद करून खोलीतील उष्णता कमी केली. हे शक्य झाले याचे कारण सीपीयूचा प्रकार आम्ही ‘होस्ट’ न ठेवता ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ हा जुन्या-नव्या प्रोसेसरवर सारखाच चालणारा प्रकार ठेवला होता. ‘होस्ट’मध्ये प्रोसेसरची पूर्ण क्षमता मिळते, परंतु आमचा तिसरा सर्व्हर आधीच्या पिढीचा असल्याने त्यावर मशीन सुरळीत उतरण्याची खात्री उरत नाही. थोडा वेग सोडून मोकळीक घेणे मला योग्य वाटले. तीनपैकी दुसरा नोडही बंद केला असता तर कोरम (गट चालू राहण्यासाठी लागणारे नोडांचे बहुमत) गेला असता, म्हणून एसी दुरुस्त होईपर्यंत दोन नोडांवरच भागवले.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ९.० ही डेबियन १३ वर आधारलेली आहे. अपग्रेडपूर्वी ‘पीव्हीई८टू९’ ही तपासणी आज्ञा प्रत्येक नोडवर चालवावी आणि तिचा प्रत्येक इशारा निकाली काढावा. आम्ही एकेक नोड रिकामा करत तीन रविवारांत हे काम केले. या आवृत्तीतील एचएचे (एक नोड पडला तर मशीन दुसऱ्यावर सुरू करणाऱ्या सोयीचे) नवे नियम मला फार आवडले. दोन्ही डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांचे लॉगिन तपासणारे सर्व्हर) कधीही एकाच नोडवर येऊ नयेत, हे आता एका नियमाने सांगता येते. पूर्वी ते मलाच ध्यानात ठेवावे लागे.

सबस्क्रिप्शनची आकारणी सीपीयू सॉकेटप्रमाणे होते आणि ते न घेताही सर्व सुविधा मिळतात. फरक अधिक तपासलेल्या अपडेटचा आणि सपोर्टचा आहे. आम्ही तिन्ही सर्व्हरसाठी ते घेतले, कारण उत्पादनाच्या मशीनवर कमी तपासलेले अपडेट टाकण्याची माझी तयारी नाही.

फायबर चॅनेल किंवा आयएससीएसआय जोडणीच्या सॅनवरील एलव्हीएममध्ये (लिनक्सच्या डिस्क-विभागणीत) स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी मशीनची त्या क्षणाची प्रत, घेता न येणे ही व्हीएमवेअरकडून येणाऱ्यांना जाणवणारी मोठी उणीव होती. ९.० मध्ये ती सोय आली आहे, मात्र अजून तंत्रज्ञान-पूर्वावलोकन म्हणून. मी सॅनवर एक वेगळा लन (साठवणीचा स्वतंत्र भाग) काढून चाचणीची दोन मशीन त्यावर ठेवली आहेत, दर आठवड्याला त्यांचे स्नॅपशॉट घेऊन परत फिरवून पाहतो आणि पूर्वावलोकनाचा शिक्का निघेपर्यंत ईआरपीची डिस्क तिकडे नेणार नाही.