मिनिझिंक: शाळेच्या वेळापत्रकासाठी केलेल्या वापरानंतरचा अनुभव

गुहागर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेचे वेळापत्रक जूनपासून मी मिनिझिंक या संगणकीय भाषेत तयार करत आहे. काही शिक्षक दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून येतात, त्यामुळे त्यांना पहिली तासिका देता येत नाही. प्रयोगशाळा एकच आहे, आणि चित्रकलेचे अर्धवेळ शिक्षक आठवड्यातून तीनच दिवस येतात.

ही भाषा २००७ मध्ये एका शोधनिबंधातून मांडली गेली. तिचा विकास ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात होतो आणि ती विनामूल्य, मुक्त स्रोत आहे. उत्तर कसे शोधायचे ते तिच्यात लिहावे लागत नाही. उत्तर कसे असले पाहिजे एवढ्या अटी मांडायच्या; या मांडणीला मॉडेल म्हणतात. त्या अटींचे फ्लॅटझिंक या साध्या रूपात भाषांतर होते आणि पुढचा शोध सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा प्रोग्राम, घेतो. गीकोड या सॉल्व्हरऐवजी चफ्ड हा दुसरा वापरायचा असेल तर यादीतून नाव बदलणे पुरते, मॉडेलला हात लावावा लागत नाही. चफ्ड फसलेल्या वाटांमधून नवे नियम शिकत जातो, आणि आमच्या वेळापत्रकात तोच सरस ठरला.

मात्र अट कशी लिहिली आहे यावर उत्तराला लागणारा वेळ फार अवलंबून असतो. प्रयोगशाळेत एका वेळी एकच तुकडी असावी, हे तुकड्यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळे लिहिता येते. पण ‘ऑलडिफरंट’ (सगळे वेगवेगळे) या एकाच अटीत सांगितले, तर सॉल्व्हरला सगळ्या तासिकांचा एकत्र विचार करता येतो आणि अशक्य पर्याय लवकर गळतात.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते फाइंडमस हे सोबत मिळणारे साधन. एकदा उत्तरच नसल्याचा निर्वाळा आला, तेव्हा त्याने शंभरावर अटींतून परस्परांशी न जुळणाऱ्या चारच काढून दाखवल्या: चित्रकला शिक्षकांचे तीन दिवस, चित्रकला मधल्या सुट्टीनंतरच, प्रत्येक तुकडीला दोन तासिका, आणि शिक्षक एका वेळी एकाच तुकडीवर. सुट्टीनंतर रोज तीन तासिका, म्हणजे जागा नऊ. पाच तुकड्यांना हव्या होत्या दहा. अटींना आधीच मराठी नावे दिलेली असल्यामुळे मुख्याध्यापकांना हे कागदावर दाखवता आले, आणि एका तुकडीची चित्रकला सुट्टीआधी घेण्याचा निर्णय तिथेच झाला. अटींना नावे देण्याचा कंटाळा कोणीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

माहितीची फाइल मॉडेलपासून वेगळी ठेवता येते, ही सोय कोकणात विशेष उपयोगी आहे. पावसाळ्यात फेरीबोट बेभरवशाची होते, म्हणून त्या महिन्यांसाठी दाभोळच्या शिक्षकांच्या तासिका उशिरा सुरू करणारी दुसरी फाइल केली. मॉडेल तेच राहिले.

उणिवाही आहेत. त्रुटींचे संदेश नवख्याला कळण्यासारखे नाहीत, आणि शिक्षकांचे मोकळे तास कमीत कमी ठेवायला सांगितले की वेळ एकदम वाढतो. वेळापत्रक लवकर मिळते, पण त्याहून चांगले नाही याची खात्री देणारी दहा बरोबर-चिन्हांची (=) ओळ पुष्कळदा येतच नाही. अशा वेळी मी कालमर्यादा घालतो आणि तोवर सापडलेले सर्वांत चांगले वेळापत्रक फलकावर लावतो.