फोमचा बेल्ट, साडेआठशे रुपये आणि परकराची नाडी (सात महिन्यांनंतर)

गेल्या मंगळवारी बेल्टचं बक्कल तुटलं. तलावात नाही, घरी. वाळत घातलेला दोरीवरून पडला आणि प्लॅस्टिकचा दात टक्कन उडाला. कंपनीला फोन केला तर पलीकडून उत्तर, "मॅडम, प्रॉडक्ट वापरलेलं दिसतंय." पोहायचा बेल्ट वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? सुटं बक्कल मिळत नाही म्हणे, नवा बेल्ट घ्या, दहा टक्के सूट देतो. त्या दहा टक्क्यांच्या रागात हे लिहायला बसले आहे, तेव्हा सूर थोडा चढा लागला तर समजून घ्या.

मी सांगलीची, वय बेचाळीस. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. घरात पोहता येणारे एकटे आप्पा, म्हणजे सासरे. पोहायला शिकायचं तेव्हाच ठरवलं होतं, पण मुहूर्त लागायला या वर्षीचा एप्रिल उजाडला. (तलावात पोहता आलं म्हणून पुराच्या पाण्यात उतरता येत नाही, हे आता कळतंय. असो.) मुलाला आणि मला एकाच दिवशी घातलं, वेगवेगळ्या बॅचला.

बेल्ट तोच, सगळ्यांकडे असतो तो. पाठीवर फोमच्या पाच वड्या, पोटावर पट्टा. फोम उत्तम आहे. सात महिने क्लोरीन खाऊन रंग उडाला, पण तुकडा पडला नाही. सगळं दुखणं पट्ट्याचं. कोरडा असताना करकचून ओढा, पाण्यात गेलं की पाचव्या मिनिटाला ढिला. मग फोम कमरेवरून सरकत खांद्यांच्या मध्ये येतो, आणि तिथून मानेपाशी. हात मारत पुढे जाताना त्याचं काही वाटत नाही. दमून थांबलात की मात्र पाठीमागचं फोम वर उठतं आणि तुमचं तोंड पाण्यात ढकलतं. माझं दुसऱ्याच दिवशी झालं, साडेतीन फूट पाण्यात. सर हातभर अंतरावर होते म्हणून ठीक. बेल्टवर बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे, हे जीवरक्षक साधन नाही. ते वाक्य मोठ्या अक्षरात छापायला शाई किती लागली असती?

आप्पांना सांगितलं तर हसले. त्यांच्या वेळी पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवायचे, त्यावरून म्हणाले, "अगं, डबा पोराला वर ठेवतो, पोराचं तोंड न्हाई. म्हणून तर विहिरीत एक जण पोराजवळ असायचाच." ते स्वतः पांगाऱ्याच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या झाडाच्या, ओंडक्यावर शिकलेले. तो कमरेला बांधायचे आणि वर दोरी काठावरच्या चुलत्याच्या हातात.

उपाय मीच काढला. परकराची जुनी नाडी दुहेरी करून बेल्टच्या मागून मांड्यांमधून पुढे आणली आणि पट्ट्याला बांधली. लहान मुलांच्या लाइफ जॅकेटला असा पट्टा असतो, तसाच. फोम जागचं हललं नाही! फक्त पहिल्या दिवशी सवयीने साधी गाठ मारली. सुती नाडी भिजली की गाठीचा दगड होतो, हे बायकांना सांगायला नको. कपडे बदलायच्या खोलीत पंधरा मिनिटं दातांनी झटापट केली, शेवटी पहारेकरी मावशींनी कात्री आणली. तेव्हापासून सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटते, आणि पाण्यात कधी कशात अडकलं तर तीच कामाला येईल. म्हणजे साडेआठशेच्या वस्तूत जी सोय नव्हती ती पंधरा रुपयांच्या नाडीने दिली.

इथवर मी बेल्टला पाचपैकी दोन देणार होते. पण मे महिन्यात माझं मत बदललं, आणि त्याला कारण सरांचे बुडबुडे.

पहिले आठ दिवस सरांनी काठाची दांडी धरून नुसते बुडबुडे काढायला लावले. तोंड पाण्यात, नाकातोंडाने हळूहळू श्वास सोडायचा, वर येऊन पटकन घ्यायचा. मी कुरकुरत होते, फी काय फुंकर मारायला भरली का? नंतर उमगलं. मी आधी श्वास कोंडून ठेवायची. छातीत कार्बन डायऑक्साइड साठला की जीव गुदमरतो, मग वर येऊन सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला जावं तर पाणीच नाकात. खालीच सोडून दिला की वर फक्त घ्यायचा उरतो. हे जमलं त्या दिवशी सरांनी बेल्ट काढून कासव करायला सांगितलं. श्वास भरून गुडघे छातीशी, हातांनी कवटाळायचे, मान खाली. मी आधी जरा खाली गेले आणि मग पाठ आपोआप वर! बेल्ट नाही, कुणी धरलेलं नाही. पाण्यावर माझी पाठ कोरडी पडतेय हे जाणवत होतं. बेचाळीस वर्षं मला वाटत होतं मी दगड आहे.

त्याहून मोलाचं म्हणजे उभं राहायला शिकणं. कमरेएवढ्या पाण्यातही नवखा माणूस घाबरतो, कारण आडवं झालेलं अंग सरळ कसं करायचं ते माहीत नसतं. गुडघे पोटाशी घ्या, हातांनी पाणी खाली दाबा, डोकं उचला, मग पाय टेकवा. सरांनी पन्नास वेळा तरी करून घेतलं असेल. पोहायचं नंतर.

आणि मग बेल्टचा खरा गुण दिसला. वड्या एकेक काढता येतात. मेमध्ये पाच, जूनच्या शेवटी तीन, ऑगस्टमध्ये एक. शेवटची वडी काढली तेव्हा फरक समजला नाही, कारण तोवर तिचा आधार असून नसल्यासारखाच होता. आप्पा म्हणाले, "पांगाराबी असाच. रोज पानी पितो, जड होत जातो, पोरगं तेवढं शिकतं." पाठीला बांधतात त्या पाच लिटरच्या रिकाम्या तेलाच्या कॅनला हे जमत नाही. तो पाच किलो पेलतो तो शेवटपर्यंत पेलतो.

मुलाचं थोडक्यात. त्याला आधी दंडातल्या फुग्यांची सवय होती. ते मुलाला पाण्यात उभं लटकवतात, त्यामुळे तो नुसती सायकल मारायचा. फुगे काढून बेल्टवर आडवं पडायला त्याला तीन आठवडे लागले. आता तो पंचवीस मीटर जातो, मी अठरा. तो मोजतो, मी नाही.

तर फोमला पाच, वड्यांना पाच, पट्ट्याला शून्य, आणि त्या दहा टक्के सुटीला उणे. तुटलेलं बक्कल चांभाराकडे नेलं, त्याने जुन्या दप्तराचं बसवून दिलं, तीस रुपये. ते तुटलेल्यापेक्षा घट्ट बसलंय. आम्हा दोघांनाही आता बेल्ट लागत नाही, सांगलीत कुणाला शिकायचं असेल तर घेऊन जा. नाडी मात्र परत द्या.