कालवडींची जनुकीय तपासणी करून घेतली, दीड वर्षानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. संकरित एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन) पन्नास-साठ जनावरांच्या गोठ्यात जनुकीय तपासणी कामाला येते. फक्त दुधाच्या ज्या आकड्याच्या ओढीने आपण पैसे भरतो, तो आकडा सोडून अहवालातल्या दुसऱ्याच पानांचा उपयोग जास्त होतो. तपासलेल्यांपैकी मोठ्या कालवडी आता व्यायल्या आहेत, दूध मोजून झालं आहे, म्हणून लिहितोय.

आमचा मुक्त गोठा फलटण तालुक्यात. लिंगनिर्धारित रेताच्या (मादी वासरंच व्हावीत म्हणून वेगळं केलेलं, नळीत गोठवलेलं रेत) कांड्या वापरायला लागल्यापासून दहात नऊ कालवडी होतात. सगळ्यांना हवं होतं तेच झालं, पण त्यातून नवीन अडचण उभी राहिली: इतक्या कालवडी वाढवायच्या कुठे आणि कशावर? एक कालवड पहिल्या वेताला येईपर्यंत अडीच वर्षांच्या आसपास जातात आणि खर्च पन्नास-साठ हजारांच्या पुढे. कोणती ठेवायची आणि कोणती लवकर विकायची, हे आम्ही आईच्या दुधावरून आणि दिसण्यावरून ठरवत होतो. सख्ख्या बहिणींत एक बावीस लिटरला आणि दुसरी बारा लिटरला अडकलेली, हे प्रत्येक गोठ्यात दिसतं. कारण आईबापाकडून निम्मा-निम्मा वाटा मिळतो हे खरं, पण कोणता निम्मा, ते प्रत्येक वासराचं वेगळं. तपासणी नेमकं तेच बघते.

नमुना घेणं सोपं आहे. शेपटीच्या गोंड्याचे केस मुळासकट उपटून कार्डावर चिकटवायचे. कात्रीने कापलेले केस चालत नाहीत, कारण पेशी मुळाशी असतात. शेण लागलेले, ओले केस परत येतात, म्हणून पावसाळ्यात शेपटी धुऊन, सुकवून मगच हात घालावा. कानाचा छोटा तुकडा घेणारी चिमट्यासारखी नळी मिळते, ती जास्त खात्रीची. वासराला बिल्ला मारतानाच काम उरकतं. रक्तही चालतं, पण मग डॉक्टर हवा. बारा आकडी बिल्ल्याचा नंबर एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. इथे एक आकडा चुकला तर पुढचा सगळा अहवाल दुसऱ्या जनावराच्या नावावर जातो.

एका कालवडीमागे आलेला खर्च तिच्या साधारण महिन्याभराच्या खुराकाइतका. अहवाल सांगितलेल्या मुदतीनंतर बराच उशिरा आला, अख्खा इंग्रजीत, आणि फोनवर समजावून सांगणाऱ्या मुलाला गाय बघितल्याचा अनुभव नसावा. कंपनीचं नाव लिहीत नाही. इतरांकडूनही असंच ऐकलंय.

आता दुधाच्या आकड्याविषयी. अमेरिकी पद्धतीच्या अहवालात दुधासमोर जो आकडा असतो, तो गाय आपल्या लेकीला जेवढा फरक देईल तेवढा असतो. आपल्याकडे 'पैदास मूल्य' म्हणून जो येतो तो जनावराचा स्वतःचा. लेकीला त्यातला निम्मा. म्हणजे एकाच कालवडीला एका कागदावर ३०० आणि दुसऱ्यावर ६०० दिसू शकतात, आणि दोन्ही बरोबर! शिवाय हा आकडा कशाच्या तुलनेत, तेही बघावं लागतं. अमेरिकेत दर पाच वर्षांनी तुलनेचा पाया बदलतो. एप्रिल २०२५ मध्ये तो २०१५ साली जन्मलेल्या गायींवरून २०२० साली जन्मलेल्या गायींवर नेला, आणि आयात रेताच्या माहितीपत्रकातले वळू एका रात्रीत 'घसरले'. वळू तेच होते, रेत तेच होतं. आमच्याकडच्या एका विक्रेत्याने त्यानंतरही जुनंच माहितीपत्रक पुढे केलं, तेव्हा तारीख बघायची सवय लागली.

त्याच ओळीत विश्वासार्हतेची टक्केवारी असते, आणि आपल्याकडे खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेत होल्स्टीनसाठी जनुकीय मूल्यांकन जानेवारी २००९ मध्ये अधिकृत झालं. त्यामागे लाखो गायींच्या दुधाच्या नोंदी आहेत. म्हणून नुसत्या आईबापावरून जो अंदाज तीस-पस्तीस टक्क्यांच्या भरवशाचा असायचा, तो तिथे सत्तरच्या घरात गेला. आपल्या गायी शुद्ध होल्स्टीन नाहीत. देशी, जर्सी, एचएफ असं तीन-चार पिढ्यांचं मिश्रण, खायला मका-ऊस-कडबा, आणि मे महिन्यात बेचाळीस अंश. तिकडचं समीकरण इथे तसंच्या तसं लागू होत नाही. आपल्या गायींच्या नोंदींवर उभं राहिलेलं काम म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची देशी आणि संकरित गायींसाठीची 'इंडसचिप' ही जनुकं तपासायची चिप, आणि त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते जाहीर झालेली 'गौ चिप'. म्हशींसाठी 'महिष चिप'. पण चिप फक्त जनुकं वाचते. वाचलेल्याचा अर्थ लावायला मोजलेलं दूध लागतं, आणि संकलन केंद्रावर सगळ्या गायींचं एकत्र कॅन घालणाऱ्या आपल्या पद्धतीत एकेका गायीचं दूध लिहितो कोण?

फलटणकरांना एक जुनं उदाहरण माहीत असेल. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, आणि कोणत्या कोकरात ते आलंय हे डीएनए चाचणीने ओळखलं. तिथे एकच जनुक, उत्तर हो किंवा नाही. आमच्यापैकी बरेच जण तीच अपेक्षा घेऊन गायींच्या तपासणीकडे जातात. दूध हजारो जनुकांच्या थोड्याथोड्या परिणामाने ठरतं आणि त्यातही साधारण तीस टक्केच फरक आनुवंशिक. उरलेला गव्हाणीतला, पाण्याचा, हवेचा.

तरीही अंदाज फुकट गेला असं म्हणणार नाही. अंदाजावरून कालवडींचे वरचा, मधला, खालचा असे तीन हिस्से केले, तर वरच्या हिश्श्यातल्या पहिलारू गायी खालच्यांपेक्षा दिवसाला सरासरी दोन-तीन लिटर पुढे आहेत. फॅटचा अंदाज दुधापेक्षा बरा जुळला. पण खालच्या यादीतली एक बांडी कालवड आज गोठ्यात दुसऱ्या नंबरला दूध देते, आणि वरच्या यादीतली एक कासदाहात एक सड घालवून बसली. एवढ्या कमी जनावरांत यापेक्षा जास्त काही सिद्ध होत नाही. गाभण राहण्याचा जो आकडा अहवालात येतो, त्याकडे मी बघणं सोडलं. त्या गुणात आनुवंशिक वाटा पाच टक्क्यांच्या आत. गाय उलटत असेल (रेतन करूनही पुन्हा माजावर येत असेल) तर पहाटे उठून माज बघा, खनिज मिश्रण द्या.

मग पैसे कुठे वसूल झाले? बापाच्या पानावर. आमच्या नोंदवहीत ज्या वळूचं नाव होतं, तो काही कालवडींचा बाप नव्हताच. रेतन करायला येणाऱ्याने एका वळूची पावती दिली आणि कांडी दुसऱ्याची भरली, असाच त्याचा अर्थ. प्रयोगशाळेकडे ज्या वळूंचे नमुने होते त्यांच्याशी ताडल्यावर एका कालवडीचा खरा बाप सापडला, आणि तो निघाला नेमका तोच वळू ज्याच्या कांड्या आम्ही तिच्यासाठी आणून ठेवल्या होत्या. बापलेकीचा संकर होता होता राहिला. अशा वासरांत वाढ खुंटते, मर वाढते, आणि आपण दोष देत बसतो चाऱ्याला. त्या दिवसापासून कांडी वितळवण्याआधी तिच्यावरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. रेतन करणाऱ्याला ते फारसं आवडलेलं नाही.

दुसरं पान रक्ताच्या प्रमाणाचं. काळीपांढरी कातडी बघून आपण एचएफचं प्रमाण सांगतो ते बहुतेक वेळा चुकतं. जिला आम्ही पंचाहत्तर टक्क्यांची समजत होतो ती नव्वदच्या वर निघाली, आणि एप्रिल-मेमध्ये जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्यांत तीच पहिली का असते, हेही उमगलं. नव्वदच्या पुढच्यांना आता जर्सी किंवा चांगल्या संकरित वळूचं रेत देतो आणि त्यांची जागा फॉगरखाली (पाण्याचं धुकं सोडणारा फवारा). दूध थोडं कमी होईल पुढच्या पिढीत, चालेल. उन्हाळ्यात गाय उभी राहिली पाहिजे.

आनुवंशिक दोषांची यादीही बघावी. १९६२ साली जन्मलेला 'चीफ' नावाचा अमेरिकी वळू इतका गाजला की होल्स्टीनच्या एकूण रक्तात आज त्याचा वाटा सुमारे चौदा टक्के मानतात; त्याच्याकडूनच एक असा दोष पसरला की दोन्हीकडून आला तर गर्भ पोटातच जातो. जगभरात त्यामुळे पाच लाखांच्या आसपास गर्भपात झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडलाय. वाहक गाय स्वतः ठणठणीत असते. तिला वाहक वळू दिला तरच चारात एक गर्भ जातो. आमच्याकडे एक वाहक निघाली. तिला विकायची गरज नाही, तिचा वळू बघून निवडायचा, एवढंच. ए-वन, ए-टूचा (दुधातल्या प्रथिनाचा प्रकार) निकालही त्याच कागदावर येतो. डेअरी फॅट आणि डिग्रीवर (लॅक्टोमीटरवरची दुधाची घनता) पैसे देते, त्यामुळे ते पान मी नुसतं उलटलं.

निर्णय असे घेतले: वरच्या हिश्श्याला लिंगनिर्धारित कांडी, मधल्यांना साधी. खालच्यांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे अवघड. परदेशात त्यांना मांसाच्या जातीचं रेत भरतात आणि वासरं विकून मोकळे होतात. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली. गोऱ्ह्याला कुणी दारात उभं करत नाही. म्हणून खालच्यांतल्या लहान कालवडी सहा-आठ महिन्यांच्या असतानाच विकल्या, दोन-चार गायीवाल्यांना, अहवाल दाखवून. त्यांना दहा-बारा लिटरची गाय पुरते. बाजारात मात्र त्या कागदाला कवडीची किंमत नाही. व्यापारी कास बघतो, शीर चाचपतो, उंचीला हात लावतो आणि भाव बोलतो, अहवाल पुढे केला तर म्हणतो, "दादा, ह्यो कागद दूध देतोय व्हय?" कमी जनावरं वाढवल्यामुळे मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) उन्हाळ्यापर्यंत पुरला, आणि खरी बचत माझ्या मते तिथे झाली.

चार-पाच गायी असतील आणि वेताच्या, रेतनाच्या, दुधाच्या नोंदी नसतील, तर या भानगडीत पडू नका. आधी वही आणि वजनकाटा घ्या. वीस-पंचवीस कालवडी असतील आणि त्यातल्या निम्म्याच ठेवायच्या असतील, तर तपासा. माझ्याकडे इथून पुढे फक्त बिल्ला मारायला आलेल्या मादी वासरांचे नमुने जातील. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या गायींचे पाठवणार नाही. त्यांचं दूध रोज काट्यावर दिसतंय. एक अपवाद: बाप माहीत नसलेली विकतची गाय, रेतनाआधी.